मास्तरांच्या बाकावरची गादी

प्रार्थना करावी तर लाँड्रीच्या ताईंनी, असं सगळी मंडळी म्हणायची, आणि ऐकून ऐकून ताईंनाही ते पटलं होतं. पाळकसाहेब प्रार्थना करायला लागले की लोक एक डोळा किलकिला करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. ताई उभ्या राहिल्या की दोन्ही डोळे आपसूक मिटायचे आणि पर्समधून रुमाल बाहेर यायचे.

त्यांचं कसब असं, की त्या मोघम काही मागायच्या नाहीत. आजाऱ्यांना बरं कर, दुःखितांचं सांत्वन कर, हे कोणीही म्हणेल. ताई देवाला सांगायच्या, की रंगाच्या दुकानातल्या आजोबांचा डावा गुडघा जिना चढताना नाही, उतरताना दुखतो, आणि तरीही त्यांचा मुलगा त्यांना खालची खोली देत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो जिना उभा राहायचा. "देवाला पत्ता सांगते ही, पिनकोडसकट," असं ताईंचे यजमान म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलंही होतं, "देवाला सगळं ठाऊक असतं ना? मग एवढं सविस्तर तू सांगतेस कोणाला?" यजमानांना चेष्टेची सवयच होती, म्हणून ताईंनी ते हसण्यावारी नेलं.

ताई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लाँड्री खाली आणि बिऱ्हाड वर, असा त्यांचा संसार. यजमान धुण्याची यंत्रं सांभाळायचे, ताई गिऱ्हाईक आणि इस्त्री. ओळखीत कोणाकडे आजारपण आलं, की ताई बोलावण्याची वाट न बघता जायच्या, रोग्याखालचं अंथरूण-पांघरूण उचलून आणायच्या आणि कडक इस्त्री करून परत नेऊन द्यायच्या. कोणी पैशाचं नाव काढलं तर रागवायच्या. हीच माझी उपासना, म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. फक्त हाताने केलेलं काम तोंडाने सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, ताईंच्या जिभेला तर सुट्टीचा दिवसही नसायचा.

आता मास्तरांबद्दल. मास्तर म्हणजे चर्चमधला ऑर्गन वाजवणारे. जन्मभर शाळेत गाणं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर रविवारची उपासना तेवढी हातात ठेवली. कोटाची सगळी बटणं लावून बाकावर ताठ बसायचे. गीत सुरू करण्याआधी उजवा हात वर करायचे, पंजा मंडळीकडे. तो हात वर गेला की खोकणारे खोकला गिळायचे. सगळं शांत झाल्याची खात्री पटली की मगच पहिला सूर यायचा. कोणी बेसूर गायलं, तर मास्तर न थांबता मान वळवायचे आणि बरोबर त्याच माणसाकडे बघायचे. त्या नजरेने मंडळीतले कित्येक जण कायमचे ओठ हलवण्यापुरते उरले होते.

या मास्तरांचं पोटाखालचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण रात्रीचा ताबाही गेला.

ते ताईंना कळलं मास्तरीणबाईंकडून. दोघींची मैत्री लग्नाआधीपासूनची. एके सकाळी मास्तरीणबाई लाँड्रीच्या मागच्या दाराने आल्या, छातीशी एक कापडी पिशवी धरून, आणि उंबऱ्याच्या आत येऊन दार लावून घेतल्यावरच बोलल्या.

"अगं, एक काम होतं. पण ह्यांना कळता कामा नये."

मग त्यांनी आपले हात पुढे केले. संधिवाताने बोटांची पेरं सुजली होती. चादर भिजवता येत होती, पिळता येत नव्हती. शिवाय वाळत घालायची कुठे? दोरी होती ती चौकात, आणि रोजच्या रोज दोरीवर चादर दिसली की शेजारपाजारचे काय ते समजणार. मास्तर सकाळी फिरायला जायचे, तेवढ्यात आपली बायको सगळं घरच्या घरी उरकते, अशी त्यांची समजूत होती.

"त्यांना असं वाटतं, हे फक्त मला माहीत आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तेवढ्यावरच ते ताठ उभे आहेत गं. तू कोणाला बोलू नकोस."

"वेडी आहेस का? माझ्या पोटात राहील."

आणि राहिलं. ताईंनी ते कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. पिशवी मागच्या दाराने यायची, ताई चादरी आधी गार पाण्यात टाकायच्या, कारण एकदम गरम पाणी लागलं की वास धाग्यात बसतो, मग सोडा, मग यंत्र, मग प्रेस. संध्याकाळी पिशवी मागच्याच दाराने परत जायची. उन्हाळा सरला तरी कोणाला काही कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

मग तो बुधवार आला. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असायची. ऑर्गन नसायचा, त्यामुळे मास्तर यायचे नाहीत, आणि त्यांना एकटं सोडून मास्तरीणबाईही यायच्या नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्यातल्या दुखणाईतांसाठी कोणी प्रार्थना करील का?" आणि सगळ्यांनी नेहमीप्रमाणे ताईंकडे पाहिलं.

ताई उभ्या राहिल्या. रंगाच्या दुकानातले आजोबा झाले, कोणाच्या नातवाची नोकरी झाली, कोणाचा रक्तदाब झाला. मग मास्तर आठवले. त्या सकाळीच त्यांच्या चादरी ताईंच्या हातून गेल्या होत्या आणि मन भरून आलं होतं, हे खोटं नाही.

"प्रभो," ताई म्हणाल्या, "ज्याची बोटं दर रविवारी तुझी स्तुती करतात, तो तुझा दास रोज सकाळी ओल्या अंथरुणात जागा होतो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्याची पत्नी त्या चादरी उराशी धरून चोरासारखी मागच्या दाराने येते. प्रभो, तू शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतलेस, तुला कशाची घाण वाटली नाही. त्या दोघांचीही लाज धुऊन टाक."

कोणीतरी हुंदका दिला. आमेन असं उमटलं, की खिडकीच्या काचा थरथरल्या. आणि खाली बसताना ताईंना काय वाटलं, तेही सांगायलाच हवं. छान वाटलं. काहीतरी मोठं आपल्या हातून घडलं, असं वाटलं.

बाहेर पडताना नर्सबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. नर्सबाई सगळी हयात दवाखान्यात काढलेल्या, मायाळू आणि तडफदार. "बरं झालं तुमच्यामुळे कळलं," त्या म्हणाल्या. "बिचारे मास्तर. आपण काहीतरी केलं पाहिजे." 'कळलं' हा शब्द ताईंच्या कानाला जरा टोचला, पण घरी जाऊन कपाटभर शर्टांना इस्त्री करायची होती, म्हणून त्यांनी तो मनाआड केला.

रविवारी मास्तर नेहमीसारखे आले, ऑर्गनचं झाकण उघडलं, बाकावर बसले आणि हात वर केला. चर्च शांत झालं. त्या शांततेत मास्तर जरासे सरकले, आणि त्यांच्याखालून आवाज आला. चुर्र.

मास्तरांनी हात खाली घेतला. उठले. बाकावरच्या पातळ गादीचं टोक उचलून पाहिलं. खाली नवंकोरं मेणकापड होतं, दवाखान्यात खाटेवर घालतात तसलं, चारही कोपरे शिस्तीत दुमडून खोचलेलं. मास्तरांनी वळून मंडळीकडे पाहिलं. त्यांनी काही विचारलं असतं, तर कोणीतरी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण त्यांनी नुसतं पाहिलं, आणि बुधवारी आलेल्या सगळ्यांनी एकाच वेळी गीतांच्या पुस्तकात माना घातल्या. मास्तरांसारख्या माणसाला तेवढं पुरे होतं.

त्यांनी ते मेणकापड काढलं, चौपदरी घडी केली आणि ऑर्गनवर, जिथे गीतांचं पुस्तक ठेवतात तिथे, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. गादीही बाजूला काढली. उघड्या लाकडावर बसून त्यांनी त्या दिवशीची सगळी गीतं वाजवली, एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. शेवटच्या आमेननंतर झाकण लावलं, किल्ली पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. जाताना त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. आपल्या बायकोकडे पाहिलं. आणि मास्तरीणबाईंनी पाहिलं ते ताईंकडे.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते ताईंना त्या क्षणी कळलं. पण माणसाचं मन मोठं लबाड. घरी जाईपर्यंत त्यांच्या मनात एकच वाक्य घोळत होतं, मेणकापड काही मी ठेवलं नव्हतं.

सोमवारी मागच्या दाराशी पिशवी आली नाही. मंगळवारीही नाही. तेव्हा ताईंनी भाज्यांचं सूप केलं, डबा भरला आणि मास्तरांकडे गेल्या. मास्तरीणबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"काय काम काढलंत?" त्या म्हणाल्या.

लग्नाआधीपासूनची मैत्रीण, कधी चुकून 'अहो' म्हणाली नव्हती. ताईंच्या हातातला डबा जड झाला.

"अगं, मी कोणालाही सांगितलं नाही. खरंच नाही. मी फक्त प्रार्थनेत..."

"देव बहिरा आहे का?"

ताईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"तुमच्याकडे चादरी धुवायला दिल्या होत्या," मास्तरीणबाई म्हणाल्या, "चव्हाट्यावर मांडायला नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, ओलं कापड फरशीवर आपटल्याचा, मग धाप लागल्याचा. "ऐकताय ना? आता स्वतः धुतात. न्हाणीघराला आतून कडी लावून. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय, आणि भिजलेली चादर किती जड होते ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्याशी बोलत नाहीत. तूही त्यांच्यातलीच, एवढं एकदा म्हणाले, तेव्हापासून गप्प आहेत."

"मी आत येऊन त्यांची माफी मागू का?"

"नको. एक करा. आमच्यासाठी परत प्रार्थना करू नका."

दार लागलं. ताई डबा घेऊन तशाच परतल्या. ख्रिस्ती बाई ख्रिस्ती बाईला असं म्हणते, आणि तेही रास्तपणे, याहून वाईट काय ऐकायचं राहिलं होतं? रस्त्यात कोणी हटकू नये म्हणून त्या मान खाली घालून चालल्या. तरी रंगाच्या दुकानातल्या आजोबांनी हाक मारलीच आणि म्हणाले, "ताई, बुधवारची तुमची प्रार्थना काय झाली म्हणून सांगू!"

त्यानंतरचे रविवार बघवत नव्हते. ऑर्गन मुका, पाळकसाहेब आपल्या घोगऱ्या आवाजात गीत धरायचे, पुढची रांग एका पट्टीत, मागची दुसऱ्या, आणि मास्तरांच्या नजरेने गप्प झालेले सगळे बेसूर आता मोकळे सुटले होते. मास्तरीणबाई एकट्याच येऊन कडेच्या बाकावर बसायच्या. त्यांच्या बोटांना आता पट्ट्या बांधलेल्या असायच्या. मंडळी ताईंना म्हणायची, "ताई, तुम्हीच प्रार्थना करा. देव मास्तरांचं मन वळवील." खाई त्याला खवखवे. कोणी नुसतं 'ताई' म्हटलं तरी त्यांच्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

शेवटी त्यांनी ठरवलं, की बुधवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि चूक कबूल करायची. एकदा ठरल्यावर त्यांना हायसं वाटलं. इस्त्री करता करता त्या शब्द जुळवायला लागल्या. 'बंधूंनो आणि भगिनींनो, माझ्या ओठांनी एका नीतिमान माणसाला जखम केली आहे...' शब्द चांगले जमत होते. दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं तेव्हा तर त्यांना स्वतःलाच रडू आलं.

"कोणाला सांगणार आहेस हे?" यंत्राच्या पाठीमागून यजमानांचा आवाज आला.

"सगळ्यांना. माफी मागणार आहे मी जाहीर."

"अस्सं." यजमान पान्याने काहीतरी आवळत होते. "म्हणजे गेल्या खेपेला जे आले नव्हते, त्यांनाही कळेल."

ताई थांबल्या. इस्त्री हातात होती ती तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली, तर कोणाच्यातरी पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. त्या शर्टाकडे बघत राहिल्या. आपण पुन्हा तेच करणार होतो. या वेळी रुमाल आपल्यासाठी निघाले असते, एवढाच काय तो फरक.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "त्या चादरी कोणाच्या होत्या, ते तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मागच्या दाराला काच आहे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं त्यात?" यजमान म्हणाले. "मळल्या होत्या, धुतल्या."

उपासनेच्या वेळी हमखास डुलक्या काढणारा माणूस. ताईंनी आजवर त्यांच्यासाठीही मोठमोठ्याने प्रार्थना केल्या होत्या, की प्रभो, यांची श्रद्धा जागी कर. ती आठवण आल्यावर त्यांना आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तर ताईंनी मान हलवली. पुढच्या बुधवारीही हलवली. मग कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं ताईंना गर्व चढलाय, कोणी म्हणालं श्रद्धा आटली, कोणी म्हणालं घशाचं काहीतरी असेल. खरं कारण सांगायचं तर मास्तरांचं नाव पुन्हा काढावं लागलं असतं. बोलून जे बिघडवलं, ते न बोलताच भोगायचं होतं, आणि ताईंसारख्या बाईला याहून जड शिक्षा कोणी शोधून काढली नसती.

नर्सबाई एकदा मुद्दाम लाँड्रीत आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. त्या बराच वेळ काउंटरवरचा धागा बोटाला गुंडाळत राहिल्या.

"ताई, एक विचारू? ते मेणकापड मीच ठेवलं होतं. मास्तरांना बरं पडेल, तेवढाच विचार होता. माझ्यामुळे येत नाहीत का हो ते?"

हो म्हणायला जिभेला काही कष्ट नव्हते. मेणकापड मी ठेवलं नव्हतं, हे वाक्य इतके दिवस ताईंनी जपून ठेवलं होतं ते अशाच वेळेसाठी.

"नाही," ताई म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं."

"तुमचं कसं? तुम्ही तर इतकी सुंदर प्रार्थना केलीत. मला रात्रभर झोप नाही लागली."

ताईंनी ते ऐकून घेतलं. नर्सबाईंच्या हातातला धागा सोडवून टोपलीत टाकला आणि चहा करते म्हणाल्या.

आणि मग एका सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, मास्तर लाँड्रीत आले. मागच्या दाराने नाही, पुढून. कोटाची सगळी बटणं लावलेली, हातात तीच कापडी पिशवी. त्यांच्या पुढे एक हॉटेलातला वाढपी ॲप्रनचा गठ्ठा घेऊन उभा होता आणि एक शाळेची बाई पडदे घेऊन. मास्तर रांगेत उभे राहिले. "मास्तर, तुम्ही या पुढे," असं ताई म्हणायला गेल्या, पण त्यांनी नुसतीच वाढप्याची पावती फाडली.

त्यांची पाळी आली. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

"चादरी आहेत," ते म्हणाले. वर्गात बोलत तेवढ्याच आवाजात. "माझ्या. ओल्या आहेत."

वाढपी आपल्या पावतीची घडी घालायला लागला. शाळेच्या बाईंना अचानक छताकडे बघावंसं वाटलं.

"मास्तर, मी..." ताईंचे डोळे भरून आले. "मी तुमची..."

मास्तरांनी उजवा हात वर केला, पंजा ताईंकडे. लाँड्रीत शांतता झाली. यंत्रसुद्धा नेमकं तेव्हाच थांबलं होतं.

"भाषण नको," ते म्हणाले. "धुवा."

ताईंनी पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. मास्तरांनी हात खाली घेतला, पण ते गेले नाहीत. वाढपी आणि शाळेची बाई बाहेर पडेपर्यंत थांबले, आणि मग हळू आवाजात बोलले.

"परवा उठलो तर ही माझ्या आधी उठून न्हाणीघरात बसली होती. मला कळू नये म्हणून अंधारात. पिळायला जात होती आणि बोटं वळत नव्हती. मी माझा मान सांभाळत होतो, आणि त्यासाठी मजुरी ती करत होती." त्यांनी कोटाच्या बटणावरून हात फिरवला. "मग म्हटलं, आता लपवायचं राहिलंय काय. तेवढं काम तुम्ही सोपं करून ठेवलंय."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं की नुसतं खरं म्हणून, ते ताईंना कळलं नाही. दोन्हीही तितकंच लागलं असतं.

"आणखी एक," मास्तर म्हणाले. "ते मेणकापड. कल्पना वाईट नव्हती. मला आता दिवसाही भरवसा वाटत नाही. पण ते वाजतं. गीत सुरू व्हायच्या आधी जी शांतता असते ना, तीत ते वाजतं. न वाजणारं काही करता येईल?"

"येईल," ताई म्हणाल्या. आणखी पुष्कळ शब्द तोंडाशी आले होते. त्यांनी ते गिळले.

त्या गादीसाठी ताईंनी लाँड्रीतलं सगळं मऊ मऊ सामान उपसलं. धुऊन धुऊन विरलेलं पांघरूण खाली, मधे पातळ रबरी कापड, त्यावर जुन्या टॉवेलचे थर, वरून बाकाच्याच रंगाचं तपकिरी सुती कापड. शिवून झाल्यावर त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या बाकावर घातली, वर बसल्या आणि डावी-उजवीकडे डुलून पाहिलं. यजमानांना शेजारी कान लावून उभं केलं होतं.

"वाजतंय?"

"हो."

ताईंचं तोंड उतरलं. "कुठे?"

"तुझ्या गुडघ्यांत. गादी गप्प आहे."

गादी कोणासाठी, हे यजमानांनी विचारलं नाही. ताईंनीही सांगितलं नाही.

रविवारी मास्तर आले ते काखेत गादी घेऊन, मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत. लोकांना कुठे बघावं ते कळेना. त्यांनी गादी बाकावर ठेवली, चारही कोपरे सारखे केले, बसले, कोट सारखा केला आणि हात वर केला. ताईंनी श्वास रोखून धरला. शांतता झाली. मास्तर एकदा डावीकडे सरकले, एकदा उजवीकडे, मुद्दाम. काहीच वाजलं नाही. मग पहिला सूर आला, आणि सगळे बेसूर पुन्हा ओठ हलवायला लागले.

नर्सबाई ताईंच्या कानाशी वाकल्या. "बघितलंत? तुमच्या प्रार्थनेला फळ आलं."

ताईंनी समोर बघत मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. पण सुटका होणार नव्हती. गीत संपल्यावर पाळकसाहेब आनंदाने म्हणाले, "आपले मास्तर परत आले आहेत. ताई, तुम्ही आज आभाराची प्रार्थना कराच."

सगळं चर्च त्यांच्याकडे वळलं. फक्त ऑर्गनच्या बाकावरची पाठ वळली नाही, पण ती ताठ झालेली ताईंना दिसली. ताईंच्या लगेच मागच्या रांगेत मास्तरीणबाई होत्या, त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले होते. ताई उभ्या राहिल्या. उभं राहिल्याबरोबर शब्द रांगेने हजर झाले, न्हाणीघरातला अंधार, सुजलेली बोटं, काउंटरवर ठेवलेली पिशवी. असे शब्द त्यांना जन्मात सुचले नव्हते. पर्सच्या चेनी उघडल्याचे आवाजही आले.

"प्रभो," ताई म्हणाल्या, "तुला सगळं माहीत आहे. आमेन."

आणि बसल्या. अर्ध्या मंडळींचे डोळे अजून मिटायचेच होते. पाळकसाहेब पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मास्तरांनी मात्र वाट पाहिली नाही, त्यांनी पुढचं गीत सुरू केलं.

बसता बसता ताईंच्या मनात आलं, ही प्रार्थनाही छान झाली. छोटीशी, पण काय नेमकी झाली. आणि ते मनात आलं मात्र, त्यांना इतकी लाज वाटली, की आजवरची सगळी लाज तिच्यापुढे थोडी. जित्याची खोड. त्यांनी हाताला लागेल ते पान उघडलं आणि गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसलं. डोळ्यांत पाणी होतं, अक्षर दिसत नव्हतं, पण गायचं म्हणून त्या ओठ हलवत राहिल्या.

मागून पट्टी बांधलेला एक हात त्यांच्या खांद्यावरून पुढे आला. सुजलेल्या बोटांनी जमेल तशी दोन-चार पानं उलटली.

"पान चुकलंय तुझं," मास्तरीणबाई म्हणाल्या.